रिकामी ओळ कोणाची?

गणित किंवा भौतिकशास्त्र शिकणारे-शिकवणारे बरेच लोक आता आपली टिपणं साध्या मजकुरात लिहितात. ठळक अक्षर नाही, रंग नाही. नुसती अक्षरं, आकडे आणि खुणा. सूत्र आलं की त्याच्या आगेमागे डॉलरच्या दोन-दोन खुणा टाकायच्या आणि पुढे कधीतरी पॅनडॉक किंवा ऑर्ग-मोडसारख्या साधनाकडून त्या टिपणांची छापण्याजोगी प्रत काढून घ्यायची. असं लिहिताना एक सवय आपोआप लागते. समीकरणाच्या वर एक ओळ रिकामी सोडायची, खाली एक ओळ रिकामी सोडायची. पडद्यावर ते बरं दिसतं, डोळ्यांना समीकरण चटकन सापडतं. छापील प्रत समोर आली की मात्र दोन गोष्टी खटकतात. समीकरणाच्या वर गरजेपेक्षा मोठी पोकळी पडलेली असते आणि समीकरणाखालचा ‘जिथे’ हा शब्द समासापासून थोडा आत सरकून उभा असतो, जणू तिथून नवा परिच्छेद सुरू होतो आहे.

यावरचा तांत्रिक उपाय पाच मिनिटांत सापडतो, आणि तो पुढे येईलच. पण त्याआधी एक प्रश्न विचारण्यासारखा आहे. ती रिकामी ओळ लिहिणाऱ्याने ‘लिहिली’ होती का? त्याला विचारलं तर तो म्हणेल, मी काहीच लिहिलं नाही, नुसती जागा सोडली. यंत्राने मात्र ती जागा वाचली आणि तिचा अर्थ लावला. जे आपण शब्दांत म्हटलं त्याची जबाबदारी आपली, हे सगळेच मान्य करतात. जे न म्हणता नुसतं मोकळं सोडलं, त्याचीही जबाबदारी आपलीच का?

माझ्या मते आपलीच. का, ते समजण्यासाठी आधी यंत्र त्या ओळीचं काय करतं ते पाहायला हवं.

अशा टिपणांची छापील प्रत बहुधा लाटेकमार्फत निघते आणि लाटेकच्या तळाशी असतं डोनाल्ड क्नूथ यांचं टेक. क्नूथ यांच्या ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’ या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाची नवी आवृत्ती निघत होती, तेव्हा १९७७ साली तिची मुद्रितं त्यांच्या हाती आली. पहिली आवृत्ती मोनोटाइपच्या धातूच्या खिळ्यांत जुळवलेली होती. नवी फोटोटाइपसेटिंगची होती आणि ती त्यांना इतकी नापसंत पडली, की स्वतःच अक्षरजुळणीची प्रणाली लिहायला ते बसले. गणित छापायचं कसं, याचा त्यांनी केलेला विचार टेकच्या बारीकसारीक नियमांत उतरलेला आहे.

टेकमध्ये रिकाम्या ओळीचा अर्थ एकच : परिच्छेद संपला. आणि स्वतंत्र ओळीवर मांडलेलं समीकरण म्हणजे चालू परिच्छेदात घेतलेला एक थांबा. समीकरण झालं की तोच परिच्छेद पुढे सुरू होतो, म्हणून त्यानंतरची ओळ आत सरकत नाही. समीकरणाच्या आधी रिकामी ओळ सोडली, तर परिच्छेद तिथेच संपतो आणि समीकरणाला स्वतःसाठी नवा परिच्छेद उघडावा लागतो. त्या नव्या परिच्छेदाची पहिली ओळ कोरीच असते, पण जागा घेते. वरची ती जास्तीची पोकळी म्हणजे ही कोरी ओळ. खाली रिकामी ओळ सोडली तर ‘जिथे’ नव्या परिच्छेदाचा पहिला शब्द ठरतो.

समीकरणाभोवतीच्या जागेसाठी टेकने चार मापं ठेवली आहेत : वरची, खालची, आणि समीकरणाच्या आधीची ओळ आखूड असेल तेव्हाची वरची आणि खालची. लाटेकच्या नेहमीच्या लेखनमांडणीत दहा पॉइंटांचं अक्षर असेल, तर वरची जागा १० पॉइंट. गरजेनुसार ती २ पॉइंटांनी ताणते किंवा ५ पॉइंटांनी आक्रसते. आधीची ओळ इतकी आखूड असेल की ती समीकरणाच्या डोक्यावर येतच नाही, तर वरची जागा मुळात शून्य धरली जाते, कारण आखूड ओळीमुळे डोळ्याला मोकळीक आधीच मिळालेली असते. आणखी एक नियम आहे. समीकरणाच्या बरोब्बर आधी पान तोडण्यावर टेक १०,००० चा दंड लावतं. त्याच्या हिशेबात १०,००० म्हणजे साफ मनाई. समीकरणानंतर पान तोडायला दंड शून्य.

या आकड्यांमागे एक समजूत आहे. समीकरण आपल्या आधीच्या शब्दांना चिकटलेलं असतं. पान उलटतानाही त्यांची ताटातूट होऊ नये. म्हणजेच समीकरण हे वाक्याचा भाग आहे.

ही समजूत टेकच्या कितीतरी आधीची आहे. बरोबरचं चिन्ह पहिल्यांदा छापून आलं १५५७ साली, रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श वैद्य-गणितज्ञाच्या ‘द व्हेटस्टोन ऑफ विट’ या पुस्तकात. ‘याच्या बरोबर आहे’ हे शब्द पुन्हा पुन्हा लिहायचा कंटाळा टाळावा म्हणून त्याने दोन समांतर रेघा घेतल्या. या दोन रेघांहून अधिक सारख्या गोष्टी कोणत्या असणार, असा त्याचा युक्तिवाद होता. म्हणजे जन्मतः ते चिन्ह हे क्रियापदाचं संक्षिप्त रूप आहे. ‘अ² + ब² = क²’ हे वाक्यच आहे; त्याला कर्ता आहे, क्रियापद आहे. इंग्रजी गणितलेखनात स्वतंत्र ओळीवरच्या समीकरणानंतरही स्वल्पविराम किंवा पूर्णविराम देण्याची प्रथा आहे, ती याचमुळे.

आपल्याकडची परंपरा तर याहून बोलकी आहे. भास्कराचार्यांची ‘लीलावती’ पद्यात आहे. तिथे गणिताचा नियम श्लोकाबाहेर वेगळा काढून ठेवायला जागाच नाही. नियम म्हणायचा म्हणजे श्लोक म्हणायचा. त्यांच्याच ‘बीजगणिता’च्या परंपरेत मात्र समीकरण मांडण्याची पद्धत होती. अज्ञातासाठी ‘या’, म्हणजे यावत्तावत्. ज्ञात संख्येसाठी ‘रू’, म्हणजे रूप. आणि दोन्ही पक्ष एकाखाली एक. मध्ये बरोबरचं चिन्ह नाही. दोन पक्ष समान आहेत हे एकाखाली एक असण्यातूनच कळायचं. कागदावरची जागाच तिथे क्रियापदाचं काम करत होती. ‘मी नुसती जागा सोडली’ हे वाक्य त्या काळच्या गणिताच्या विद्यार्थ्याला बहुधा समजलंच नसतं.

आता ‘जिथे’कडे परत येऊ. ‘अ² + ब² = क², जिथे क हा काटकोन त्रिकोणाचा कर्ण आहे.’ यातला उत्तरार्ध काढला तर उरतं ते खोटं आहे, कारण कोणत्याही त्रिकोणाला ते लागू नाही. पायथागोरसचं प्रमेय इतकं परिचित आहे की अट गळली तरी आपण मनातल्या मनात ती जोडून घेतो. लंबकाचं उदाहरण घ्या. दोरीच्या लांबीला गुरुत्वत्वरणाने भागायचं, वर्गमूळ काढायचं, दोन पायने गुणायचं. लंबकाच्या एका पूर्ण आंदोलनाचा काळ मिळतो. शाळेत हे सूत्र सगळ्यांनी घोकलेलं असतं. त्याच्या शेजारची अट, झोका लहान असला पाहिजे ही, किती जणांना आठवते? दोरी उभ्या रेषेपासून १० अंशांवरून सोडली तर सूत्रातली चूक हजारात दोन इतकीही नसते. तीच ९० अंशांवरून सोडली, तर खरा काळ सूत्राने दिलेल्या काळापेक्षा सुमारे १८ टक्क्यांनी जास्त भरतो. दोन्ही वेळा सूत्र तेच. ते खरं ठरतं की खोटं, हे त्याखालची ओळ ठरवते.

परीक्षेच्या तयारीच्या पुस्तकांत शेवटी सूत्रांची यादी असते, चौकटीत. त्या चौकटीत ‘जिथे’ला प्रवेश नसतो. सूत्र आणि त्याची अट यांची फारकत होण्याचं हे टोक. रिकामी ओळ ही त्या वाटेवरची अगदी छोटी पायरी आहे. एका पोकळीने कोणी फसत नाही, हे मान्यच. डोळस वाचकाला समीकरण आणि ‘जिथे’ एकाच नजरेत दिसतात. एक आत सरकलेला शब्द त्याला थोडा अडखळवतो, इतकंच.

पण सगळे वाचक डोळ्यांनी वाचत नाहीत. त्याच टिपणांतून वेबपान काढलं की पोकळीचं रूपांतर रचनेत होतं. पॅनडॉक मार्कडाउनमधल्या अशा मजकुराचं काय करतं ते पाहण्यासारखं आहे. समीकरणाच्या वर-खाली रिकामी ओळ नसेल, तर आधीचे शब्द, समीकरण आणि ‘जिथे’ हे सगळं एकाच परिच्छेदात राहतं. रिकाम्या ओळी असतील, तर त्याच मजकुराचे तीन परिच्छेद होतात. पडद्यावर दोन्ही पानं जवळजवळ सारखी दिसतात. पण जो वाचक पडदावाचकाकडून पान वाचून घेतो, तो एका परिच्छेदावरून दुसऱ्यावर उडी मारत पुढे जाऊ शकतो. त्याच्यासाठी परिच्छेदाची हद्द हीच विचाराची हद्द. सूत्र एका तुकड्यात, अट दुसऱ्या तुकड्यात. एकमेकांजवळ असणं डोळ्यांना दिसतं. कानाला फक्त रचना कळते. लिहिणाऱ्याने स्वतःच्या डोळ्यांच्या सोयीसाठी सोडलेली ओळ दुसऱ्या कोणाच्या तरी कानात ‘इथे विषय संपला’ असं सांगते.

इथे साध्या मजकुराच्या कल्पनेतली एक अडचण उघडी पडते. जॉन ग्रुबर यांनी २००४ साली मार्कडाउन मांडलं, तेव्हा त्यामागचा मुख्य हेतू हा होता, की कोणतीही प्रक्रिया न करता मूळ मजकूरही माणसाला सहज वाचता यावा. म्हणजे एकाच मजकुराचे दोन वाचक : मूळ धारिका उघडून वाचणारा माणूस आणि तिचं रूपांतर करणारं यंत्र. बहुतेक ठिकाणी दोघांचं पटतं. रिकाम्या ओळीपाशी पटत नाही. माणसासाठी ती उसंत आहे, यंत्रासाठी ती आज्ञा आहे.

‘आशय वेगळा, मांडणी वेगळी, लेखकाने आशय लिहावा, मांडणी यंत्रावर सोपवावी’ हे या सगळ्या साधनांचं घोषवाक्य असावं, असं वाटतं. ते बऱ्याच अंशी खरंही आहे. समीकरणाच्या आत तुम्ही शब्दांमध्ये कितीही मोकळ्या जागा टाका, टेक त्या सगळ्या फेकून देतं. बरोबरच्या चिन्हाभोवती किती जागा, अधिकच्या चिन्हाभोवती किती, हे ते स्वतः ठरवतं. इतकंच काय, ‘अ − ब’ मधलं वजाचं चिन्ह आणि नुसत्या ‘−ब’ मधलं वजाचं चिन्ह यांत फरक करून दुसऱ्याला ते अंकाजवळ ओढतं. समीकरणाच्या आतली आडवी जागा ही मांडणी आहे, ती यंत्राची. समीकरणाबाहेरची उभी जागा मात्र आशय आहे, ती तुमची. ही सीमारेषा घोषवाक्य सुचवतं तिथे नाही. ती समीकरणाच्या उंबऱ्यावर आहे आणि लिहिणारा नेमका तिथेच बेसावध असतो. पॅनडॉक २००६ पासून ज्यांनी घडवलं ते जॉन मॅकफार्लेन बर्कलीला तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आहेत; भाषेचं तत्त्वज्ञान आणि तर्कशास्त्र हा त्यांचा विषय. हा योगायोग असेल, पण अनुरूप आहे. रिकाम्या ओळीचा अर्थ काय, हा प्रश्न मुळात भाषेच्या तत्त्वज्ञानातलाच आहे.

मराठी वाचकाला तरी जागेचा अर्थ नवा नसावा. जुन्या पोथ्यांत शब्द सलग लिहिलेले असत, मोडीत तर लेखणी शक्यतो न उचलता ओळच्या ओळ चालवायची. शब्द कुठे तुटतो हे वाचणाऱ्याने ओळखायचं. शब्दांमधली जागा आणि विरामचिन्हं आपल्या लेखनात छपाईबरोबर रुळली, आणि त्यात मेजर थॉमस कँडी यांचा वाटा सर्वपरिचित आहे. आज आपण ‘तो येणार नाही तर मी जातो’ आणि ‘तो येणार नाहीतर मी जातो’ ही दोन वाक्यं वेगळी वाचतो. पहिल्यात त्याचं न येणं ठरलेलं आहे. दुसऱ्यात तो येणार असं धरलं आहे, आणि न आलाच तर मी आहे. अक्षरं तीच, क्रम तोच. फरक एका मोकळ्या जागेचा. ती जागा टाकणारा ‘मी काही म्हटलं नाही’ असं म्हणू शकत नाही.

मराठीत गणित लिहिणाऱ्यावर तर जास्तीचा भार आहे. इंग्रजीत समीकरणानंतरचा शब्द लहान अक्षराने सुरू झाला की वाक्य चालू आहे हे वाचकाला कळतं. ओळ चुकून आत सरकली असली तरी ते अक्षर खरं काय ते सांगतं. देवनागरीत लहान-मोठं अक्षर नाही. ‘येथे क हा कर्ण आहे’ ही ओळ आधीच्या वाक्याची शेपटी आहे की नवं वाक्य, हे तिच्या पहिल्या अक्षरावरून कळायचा मार्ग नाही. मग उरतात दोनच साक्षीदार : समीकरणानंतरचं विरामचिन्ह आणि परिच्छेदाची जागा. पहिलं आपण बहुधा देत नाही. दुसरं चुकीचं पडलं तर वाचकाच्या हाती काहीच राहत नाही.

‘हे यंत्रानेच ओळखावं’ असा आक्षेप येईल, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. माणसाने यंत्राच्या सोयीने लिहावं की यंत्राने माणसाच्या? जिथे नुसता कंटाळवाणा हिशेब असतो तिथे यंत्रानेच वाकावं. पण इथे ओळखायचं काय आहे? समीकरणापाशी विचार संपला की चालू आहे, हे. कधी तो खरोखर संपतो. सिद्धता पूर्ण झाली, शेवटचं समीकरण मांडलं, आता दुसरा मुद्दा; तिथे खालची रिकामी ओळ अगदी बरोबर आहे. म्हणून ‘समीकरणाभोवती कधीही रिकामी ओळ सोडू नका’ हा नियमही खोटाच. विचार संपला का, याचं उत्तर लिहिणाऱ्याशिवाय कोणाकडे नाही. यंत्राने अंदाज बांधला तरी तो त्याचा अंदाज राहील, आणि नाव मात्र आपलं लागेल.

या प्रश्नाची खरी कसोटी लागते ती पोकळी दिसल्यानंतर. समोर तीन वाटा असतात. पहिली, त्या जागी उणे माप टाकायचं. वजा १० पॉइंट म्हटलं की मजकूर वर ओढला जातो आणि पोकळी दिसेनाशी होते. दिसेनाशी होते, जात नाही. परिच्छेद तुटलेलाच असतो, त्यावर ठिगळ लागलेलं असतं. उद्या अक्षराचा आकार किंवा नियतकालिकाची मांडणी बदलली की ठिगळाखाली ओळी एकमेकींवर चढतात. आणि धारिका ज्याच्या हाती पडते त्या सहकाऱ्याला किंवा विद्यार्थ्याला तो वजा आकडा कशासाठी आहे ते कळत नाही. वेबपानात तर ते ठिगळ जातही नाही, तिथे तीन परिच्छेद तसेच राहतात. दुसरी वाट, ती चार मापंच सरसकट कमी करायची. ग्रंथाच्या मांडणीचा निर्णय म्हणून कोणी सुरुवातीलाच, एकदाच, उघडपणे ते केलं तर त्यात गैर काही नाही. पण संशोधन परिषदांत निबंधाला पानांची मर्यादा असते आणि शेवटच्या रात्री समीकरणाभोवतीची जागा पिळून अर्धं पान मिळवण्याचा प्रकार इतका सर्रास चालतो, की अनेक परिषदांना ‘मांडणीतल्या जागा बदलू नका’ असं सूचनांमध्ये लिहावं लागतं. सगळ्यांना सारखी पानं मिळावीत हा मर्यादेचा हेतू. तो तर बुडतोच. त्याखेरीज एक गोष्ट घडते. ती जागा वाचकाची होती, समीकरणापाशी थांबून ते समजून घेण्यासाठी. लेखक ती काढून घेऊन आपल्या आणखी चार वाक्यांना देतो.

तिसरी वाट म्हणजे मूळ टिपणाकडे परत जाणं आणि ते वाक्य मोठ्याने वाचणं. ‘त्रिकोणाच्या बाजू अशा असतील तर, अ वर्ग अधिक ब वर्ग बरोबर क वर्ग, जिथे क हा कर्ण.’ जिथे आवाज खाली उतरत नाही तिथे परिच्छेद तुटत नाही. ती रिकामी ओळ काढायची. जिथे उतरतो तिथे ठेवायची. थेट लाटेकमध्ये लिहिणाऱ्यांकडे डोळ्यांसाठी एक जुनी युक्ती आहे : रिकाम्या ओळीच्या जागी टक्क्याची एकच खूण टाकायची. टक्क्यापुढचं टेक वाचत नाही, त्यामुळे धारिकेत उसंत दिसते आणि परिच्छेद अखंड राहतो. ही खूण मला फार प्रामाणिक वाटते. ती दोन्ही वाचकांना त्यांचं त्यांचं सांगते. माणसाला म्हणते, इथे जरा थांब. यंत्राला म्हणते, इथे काही संपलेलं नाही.

या तिन्ही वाटांनी छापलेलं पान कदाचित हुबेहूब सारखं दिसेल. कागद हातात घेऊन कोणती वाट धरली होती हे कोणालाही सांगता येणार नाही. तरी त्या सारख्या नाहीत. पहिल्या दोन वाटांनी जाणारा विचारतो, हे कसं दिसतंय? तिसऱ्या वाटेने जाणाऱ्याला विचारावं लागतं, मला काय म्हणायचं होतं? पोकळी त्याला आधी खटकते ती दिसते म्हणून; पण ती दुरुस्त करताना त्याला आपलं वाक्य पुन्हा वाचावं लागतं, अट सूत्राला चिकटली आहे का ते पाहावं लागतं, आणि पुष्कळदा तेव्हाच लक्षात येतं की अट लिहायचीच राहून गेली आहे. पोकळी झाकली असती तर ते कधी कळलं नसतं.